शैलजा कुठल्या भाषेत विसरत होती? मराठी चित्रपट परीक्षकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तपत्रांत, साप्ताहिकांत, संकेतस्थळांवर आणि यूट्यूबवर सिनेमांची परीक्षणं करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. विषय एकच सिनेमा, अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस'. 2022च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तो इंडियन पॅनोरमा विभागात होता. 3 नोव्हेंबर 2023ला चित्रपटगृहांत आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी नेटफ्लिक्सवर. एवढ्या दिवसांनी हे का, असं कुणीही विचारेल. कारण हा सिनेमा अजून पाहिला जातोय. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस ज्यांच्या घरात आहे अशा लोकांत तर तो हातोहाती फिरतो. कुणी सुचवलं की आधी माणसं तुमची जुनी परीक्षणं उघडतात, तारे मोजतात आणि मग ठरवतात पाहायचा की नाही. त्या परीक्षणांबद्दलच मला बोलायचं आहे.

त्या वेळी तुमच्यात सरळ दोन तट पडले. एकांना तो तरल, हळुवार, डोळे ओलावणारा वाटला. शेफाली शाह, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे या तिघांच्या अभिनयाचं भरभरून कौतुक झालं, कोकणच्या चित्रणाचंही झालं. पुढे फिल्मफेअरमध्ये शेफाली शाह यांना राणी मुखर्जींबरोबर विभागून समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि छायाचित्रणाचा अविनाश अरुण यांना. दुसऱ्या तटाला तो संथ वाटला. काही घडतच नाही, सगळे फार समंजस वागतात, आजारपण फार स्वच्छ दाखवलंय, वेंगुर्लं पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं दिसतं, असे आक्षेप आले.

मतं वेगळी असायला माझी काहीच हरकत नाही, ती असायलाच हवीत. एखादा सिनेमा सगळ्यांना सारखाच आवडला की मला उलट शंका येते. माझी तक्रार अशी की दोन्ही बाजूंनी जे लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळसं कुठल्याही शांत सिनेमाला लागू पडलं असतं. हा सिनेमा आठवणीबद्दल आहे, विसरण्याबद्दल आहे. त्याच अंगाने त्याला तपासलं गेलं असतं तर कौतुकही अधिक खोल झालं असतं, टीकाही अधिक जिव्हारी लागली असती.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. मुंबईत राहणाऱ्या शैलजा देसाईला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. आजार अगदी सुरुवातीच्या पायरीवर आहे. ती नोकरी सोडते आणि नवऱ्याला म्हणते, मला वेंगुर्ल्याला जायचंय. लहानपणीची काही वर्षं तिने तिथे काढली, तिथली शाळा अर्धवट सोडून ती निघून गेली होती. नवरा दीपांकर विमा विकतो. तो रजा काढून सोबत जातो. तिथे तिला प्रदीप कामत भेटतो, शाळेतला जिवलग, आता बँकेत नोकरीला, बायको-मुलींसह सुखात. पुढचा सिनेमा म्हणजे या तिघांचे आणि प्रदीपच्या बायकोचे, सारिकाचे, काही दिवस.

'काही घडत नाही' हा आक्षेप आधी घेते, कारण तो सगळ्यात जास्त वेळा वाचला.

आमच्या घरात सासूबाईंचं आजारपण आम्ही पाहिलंय. त्यातला सुरुवातीचा काळ मला आजही सगळ्यात अवघड वाटतो. पुढे कामांची रांगच लागते. औषधं, डायपर, रात्रीची बाई, बाहेरच्या दाराला वरची कडी. माणूस कामाला जुंपलं की विचार करायला फुरसत उरत नाही. सुरुवातीला मात्र करण्यासारखं काहीच नसतं. माणूस समोर धडधाकट बसलेलं असतं, चहा करतं, साडीचा रंग निवडतं, आणि मधेच एखाद्या वाक्यात अडखळतं. घरातले एकमेकांकडे बघतात आणि विषय बदलतात. 'थ्री ऑफ अस' नेमका याच काळात घडतो. शैलजा दार उघडून बाहेर भटकत नाही, कुणाला ओळखायची चुकत नाही, म्हणून आजार 'स्वच्छ' दाखवलाय असं म्हणणाऱ्यांनी या पायरीवरचं माणूस जवळून पाहिलेलं नसावं. तिथे आजार असाच दिसतो, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. पासष्टीच्या आत ज्यांना तो गाठतो त्यांच्या बाबतीत तर घरच्यांना कितीतरी दिवस वाटत राहतं की हा थकवा आहे, पाळी जाण्याचा काळ आहे, कामाचा ताण आहे.

भारतात साठीच्या पुढच्या साधारण 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे त्या वयातल्या शंभरातल्या सात-आठ जणांना. तुमच्या वाचकांत ही घरं मोठ्या संख्येने आहेत. ती परीक्षण वाचतात तेव्हा त्यांना वेग किती आहे हे कळून घ्यायचं नसतं. आपल्या घरातलं काही यात खरं सापडेल का, आणि माणसाला शेजारी बसवून हा सिनेमा पाहता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. याचं उत्तर मला फार थोड्या परीक्षणांत सापडलं.

आता कौतुक करणाऱ्यांशी थोडं भांडते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी याला राहून गेलेल्या प्रेमाची गोष्ट म्हटलं. शैलजा आणि प्रदीप, समुद्र, जुनी शाळा, पुन्हा उमललेली कविता. हे सगळं सिनेमात आहेच. पण तसं वाचलं की दीपांकर बाजूला पडतो, 'समजूतदार नवरा' एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. मला तर सिनेमाचा सगळा भार त्याच्यावर दिसतो. बायकोचं मोकळं हसणं त्याला इथे, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्या पुरुषाच्या सोबतीत पाहायला मिळतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते आपल्या वाट्याला का आलं नाही, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर येऊन जातो. किरकिरेंनी तो जेमतेम दिसेल इतकाच ठेवलाय. त्याला मत्सर वाटतो. वाटायलाच हवा. आणि मत्सर करावा अशी वेळ आता राहिलेली नाही, हेही त्याला ठाऊक आहे. पुढची दहा-पंधरा वर्षं शैलजाचं खाणंपिणं, अंघोळ, औषधं त्यालाच पाहायची आहेत, प्रदीपला नव्हे. ज्या आठवणी जपायला तो तिला घेऊन आलाय त्यांत तो स्वतः कुठेच नाही. माझ्या ओळखीत अशी कितीतरी माणसं आहेत. जिच्यासाठी आपण झिजतोय तिच्या मनात शेवटी आपण उरणारच नाही, हे कळूनही उद्याची औषधं डबीत भरून ठेवणारी. त्यांच्या बाजूने हा सिनेमा वाचलेला मला हवा होता.

मग शैलजा प्रदीपकडे जाते कशाला? माझं उत्तर असं आहे. आठवण ही एकट्या माणसाच्या डोक्यात बंद असलेली गोष्ट नसते. आपण दर वेळी आठवतो तेव्हा ती नव्याने रचतो, आणि रचताना आजूबाजूच्यांची मदत घेतो. 'तेव्हा तू पडली होतीस ना गं?' 'नाही, ती मी नव्हे, माई.' अशी घरातली आठवण तयार होते. शैलजाच्या लहानपणाचा जिवंत साक्षीदार आता प्रदीप आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचं ओझं घेऊन ती त्या गावातून निघून गेली होती. आपल्या डोक्यातून ते गळून जाण्याआधी कुणाच्या तरी हवाली करायला ती आली आहे. असं पाहिलं की प्रेमकथा फार फसवी ठरते, आणि बहिणीच्या मृत्यूशी जोडलेला विहिरीचा धागा तुटक राहिलाय असा जो आक्षेप आहे तो मात्र जास्त खरा वाटू लागतो. सिनेमाचं मूळच तिथे आहे आणि पटकथा तिथेच घाईने सरकते. टीका करणाऱ्यांनी हे नेमकं बोट ठेवायला हवं होतं. संथ जागा सोडून घाईच्या जागेवर.

शैलजाने लहानपणी शिकलेल्या नाचाचा धागाही असाच. विसरण्याच्या आजारात सगळं एकदम जात नाही. ताज्या घटना आधी जातात, जुन्या टिकतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी 1881मध्येच मांडलं होतं. आणि शरीराने शिकलेलं, म्हणजे ताल, पोहणं, शिवण, लाटणं, ते सांगता येणाऱ्या आठवणींपेक्षा बराच काळ तग धरतं, कारण मेंदूतली त्याची सोय निराळी आहे. सासूबाईंना नातवंडांची नावं येईनाशी झाली होती तेव्हाही समोर पीठ ठेवलं तर घावन्याचं पीठ त्या हाताच्या अंदाजाने बरोबर सैल करत. शैलजाच्या बाबतीत नाच काय करतो, प्रदीपच्या बाबतीत भरतकाम काय करतं, यावर मला लांबलचक वाचायचं होतं. भरतकाम करणारा पुरुष म्हणून तुम्ही त्याची दखल घेतलीत, बरं झालं. पण आठवणीवरच्या सिनेमात हात काय लक्षात ठेवतात, हा प्रश्न तसाच राहिला.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले तिथे येते.

सिनेमा वेंगुर्ल्यात घडतो आणि त्याची माणसं एकमेकांशी हिंदीत बोलतात. हिंदी सिनेमा आहे, हिंदीतच बोलणार, हे मला कळतं. हिंदीशिवाय पैसा उभा राहत नाही, प्रेक्षक देशभरचा मिळत नाही, हेही कळतं. हिंदी सिनेमात पंजाबचं खेडं आणि बंगालचा वाडा असाच हिंदीत बोलत आलाय आणि आपण ते चालवून घेतलंय. एरवी मीही चालवून घेतलं असतं. पण हा सिनेमा आठवणीचा आहे, आणि आठवणीला भाषा असते.

शैलजा आणि प्रदीप वेंगुर्ल्याच्या शाळेत एकत्र होते. घरी कुणी काहीही बोलत असो, त्या शाळेच्या मैदानात मुलं मालवणी आणि मराठी सोडून दुसरं काय बोलणार? भांडली असतील, चिडवाचिडवी केली असेल, गुपितं सांगितली असतील ती त्याच भाषेत. इतक्या वर्षांनी ती दोघं समोरासमोर आली की पहिला शब्द त्या भाषेतला निघणार. तो निघत नाही. पडद्यावर पाऊस खरा आहे, लाल माती खरी आहे, कौलारू घरं खरी आहेत, आणि जी गोष्ट आठवणीच्या सगळ्यात जवळ असते तीच गैरहजर आहे.

हे मी भाषेच्या अभिमानापोटी म्हणत नाही. अनेक भाषा बोलणाऱ्या पुष्कळ रुग्णांत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची उशिरापर्यंत टिकते. सगळ्यांचं तसं होत नाही, पण आपल्यासारख्या बहुभाषक देशात सांभाळणाऱ्यांना हे हरघडी दिसतं. सासूबाई शिरोड्याजवळच्या. लग्न होऊन लालबागला आल्या आणि सगळी हयात तिथेच गेली. चाळीत मराठी, बाजारात हिंदी, दोन्ही त्या फर्डं बोलत. आजाराच्या सुरुवातीला एका दवाखान्यात त्यांची चाचणी झाली. समोरची तरुण मुलगी चांगल्या स्वभावाची होती, पण सगळे प्रश्न हिंदीत. आज कौन सा दिन है, कौन सा महीना है. त्या गप्प. कागदावर शून्य पडत गेले. मग माझी नणंद जवळ बसली आणि म्हणाली, "आये, आज खंयचो वार?" त्या चटकन म्हणाल्या, "आज संकष्टी मां." वार सांगितला नाही, पण संकष्टी बरोबर होती. शेवटच्या वर्षात त्यांचं हिंदी पूर्ण गेलं, मग चाळीतलं मराठी गेलं, आणि उरली फक्त मालवणी. मी मूळची विदर्भातली. मी खोलीत गेले की त्या मला आदराने विचारत, "तू कोणाचा गो चेडू?" माझ्या आईवडिलांची नावं सांगितली की मान डोलावत. सुनेला त्या विसरल्या होत्या. पण गावात आलेल्या परक्या मुलीला काय विचारायचं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

म्हणून शैलजाचं हिंदी मला खटकतं. ज्या बाईच्या डोक्यातून एकेक गोष्ट सुटत चालली आहे, ती लहानपणच्या गावी जाते, आणि तिच्या तोंडात त्या गावची भाषा परत येत नाही? सिनेमाच्या हातात केवढं मोठं साधन होतं! दीपांकरला जे कळत नाही असं एखादं वाक्य शैलजा आणि प्रदीप सहज बोलून गेले असते, तर त्या नवऱ्याचं एकटेपण वेगळं दाखवावं लागलं नसतं. प्रदीपची कविता हिंदीत आहे. ज्या वेंगुर्ल्यात 1929 साली मंगेश पाडगावकर जन्मले, ज्या तालुक्यातल्या आरवलीचं सगळं जग जयवंत दळवींनी लिहून ठेवलं, जिथल्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी मुलांना शिकवलं, तिथला एक बँकवाला लहानपणच्या मैत्रिणीसाठी कविता लिहायला बसतो आणि त्याला आपली भाषा सुचत नाही, हे मला पटत नाही.

आणि हे न जमणाऱ्या दिग्दर्शकाने केलंय असंही नाही. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला 2014 साली बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं. तो सिनेमा मराठी होता आणि कोकणातल्या मुलांच्या तोंडी तिथलीच भाषा होती. स्मृतिभ्रंशावर भाषेच्या अंगाने काय करता येतं हेही मराठी सिनेमाने करून दाखवलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि त्यांना सांभाळते माहुताची बायको. दोघांत सामाईक भाषा जवळपास नाही, तरी एक आई आणि एक मूल असं नातं उभं राहतं. त्या सिनेमाच्या संवादांसाठी सुमित्रा भावे यांना आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे तुलना करायला आपल्या घरातच उदाहरण होतं.

मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी आणि हिंदी परीक्षकांकडून मी ही अपेक्षा करणार नाही. त्यांना वेंगुर्लं आणि केरळातलं वर्कला सारखंच. पण तुम्ही? तुमच्यातले कितीतरी जण कोकणातले, गणपतीला गावी जाणारे. हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यानेच विचारायचा होता. मी वाचलेल्या मराठी परीक्षणांत कोकणच्या निसर्गावर परिच्छेदच्या परिच्छेद होते, आणि भाषेवर फार तर एखादी ओळ, तीही 'मराठमोळ्या टीमचा हिंदी सिनेमा' अशा अभिमानाची.

एवढं म्हणूनही हा सिनेमा मला आवडतो, मनापासून आवडतो. तीन चांगली माणसं एका वाईट बातमीच्या सावलीत एकमेकांना न दुखावता वागायचा प्रयत्न करतात, हे पाहणं मला बळ देतं. खूप समंजस आहेत म्हणून ती खोटी आहेत, हे मला मान्य नाही. आजाराने माणसं ओरडू लागतात तशी काही माणसं हळू आवाजात बोलूही लागतात. अलोकनंदा दासगुप्तांचं संगीतही कुठे रडवण्यासाठी धावून येत नाही. सारिका तर मला फारच आवडली. नवऱ्याची जुनी मैत्रीण घरी आल्यावर ती जशी वागते तसं वागणारी बाई सिनेमात क्वचित भेटते.

म्हणूनच तुमच्याकडे माझं मागणं आहे. शुक्रवारी दुपारी खेळ पाहून संध्याकाळी मजकूर द्यायचा, ही तुमची घाई मला समजते. वर्तमानपत्रात जागा किती आटली आहे तेही दिसतं. पण अशा सिनेमाबद्दल पहिल्या दिवशी चार ओळी देऊन नंतर सवडीने पुन्हा लिहायला कोण अडवतं? आता तर तो घरात पाहता येतो. मराठीत कथा-कादंबऱ्यांवर दहा वर्षांनी फेरवाचनाचे लेख येतात, सिनेमावर का येऊ नयेत? तुमच्यातल्या कुणी तरी एखाद्या सांभाळणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून हा सिनेमा पाहावा, ते कुठे थांबतं, कुठे उठून पाणी प्यायला जातं ते बघावं, आणि मग लिहावं. मत उलटं झालं तरी चालेल. 'मला दीपांकर खोटा वाटला आणि त्याची ही कारणं' असं कुणी लिहिलं तर मी ते दोनदा वाचेन.

आणि पुढच्या वेळी कोकणात, खानदेशात, बेळगावात किंवा बडोद्याच्या मराठी घरात घडणारा हिंदी सिनेमा समोर आला, तर छायाचित्रणाच्या आधी माणसं कुठल्या भाषेत बोलताहेत आणि का, एवढं तपासा. निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना ते विचारा. मुलाखतीत तुम्हाला त्यांच्यासमोर बसायला मिळतं, आम्हाला मिळत नाही. अविनाश अरुण यांना हा प्रश्न कुणी नीट विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं, तर ते उत्तर मला वाचायचं आहे. कदाचित त्यांच्याकडे असं कारण असेल की माझा आक्षेप मला मागे घ्यावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लालबागची एक सून